खातेउतारा छापताना पान बिघडतं: छपाईला ब्राउझर नेमकी कोणती स्टाइलशीट लावतो?

जमाखर्च

एका पतसंस्थेच्या सभासदांसाठी केलेलं खातेउताऱ्याचं वेबपान आहे. स्क्रीनवर आणि मोबाइलवर व्यवस्थित दिसतं. छापायला घेतलं की पुढचे घोळ होतात. क्रोम आणि फायरफॉक्स, दोन्हींवर.

१) नोंदी तीनशे असल्या तरी कागदावर पहिल्या पंचवीस-तीसच उमटतात. दुसरं पानच निघत नाही.
२) उभ्या कागदावर टेबलाऐवजी मोबाइलवर दिसतात तशी एकाखाली एक कार्डं येतात. संगणकाची स्क्रीन चांगली मोठी आहे, तरीही.
३) मथळ्याच्या ओळीला गडद निळी पट्टी आणि पांढरी अक्षरं आहेत. कागदावर पट्टी जाते आणि अक्षरं करडी होतात.
४) स्क्रोलची चौकट काढून आडवा कागद घेतला तर टेबल येतं, पानंही पुढे निघतात, पण मथळा पहिल्याच पानावर. दर पानावर हवा आहे.
५) अखेरची शिल्लक एका पानावर आणि सही-शिक्क्याची जागा दुसऱ्या पानावर, असं कधी कधी होतं.
६) तळाला 'पान ३ / ७' असं मराठी आकड्यांत हवं.

प्रत्येकाला वेगळं ठिगळ लावता येईल, पण मुळातला नियम समजून घ्यायचा आहे. छपाईच्या वेळी ब्राउझर कोणती स्टाइलशीट (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांची फाइल) धरतो आणि कोणती सोडतो? आणि स्क्रीनसाठी लिहिलेले नियम त्याने कागदाला लावायचेच कशाला?

---

खिळेजुळारी

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यातून निघतं. (गुणधर्मांची नावं इथे देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये अर्थातच रोमनमध्ये जातील.)

'स्क्रीनसाठी लिहिलेले नियम' असं तुम्ही म्हणता, पण ब्राउझरला ते कुठे माहीत आहे? स्टाइलशीट जोडणाऱ्या लिंक टॅगला मीडिया अ‍ॅट्रिब्यूट दिला नसेल, तर त्याचा अर्थ 'ऑल' असा होतो, म्हणजे स्क्रीन, कागद, सगळं. तुमची मुख्य फाइल बहुधा अशीच जोडलेली असेल, त्यामुळे तिच्यातला प्रत्येक नियम कागदालाही लागू होतो. 'मीडिया=स्क्रीन' लिहिलंत तर ती फाइल छपाईत पूर्ण वगळली जाते. 'मीडिया=प्रिंट' लिहिलंत तर ती फक्त छपाईत लागते. ही सोय १९९८ च्या सीएसएस २ (स्टाइलशीटच्या भाषेची दुसरी आवृत्ती) पासून आहे. त्यात टीव्ही, टीटीवाय, ब्रेल, हँडहेल्ड असे बरेच प्रकार होते, आता प्रत्यक्ष कामाचे ऑल, स्क्रीन आणि प्रिंट एवढेच उरलेत.

मग ब्राउझरने मीडिया न लिहिलेल्या स्टाइलशीट छपाईत सोडून का देऊ नयेत? कारण त्या फक्त रंगरंगोटी करत नाहीत. बंद असलेला मेनू, न उघडलेली पॉपअप चौकट, चुकीच्या पासवर्डचा संदेश, हे सगळं पानात असतंच आणि 'डिस्प्ले: नन' ने झाकलेलं असतं. स्टाइलशीट सोडली तर हे सगळं कागदावर येईल. स्क्रीनची मांडणी जशीच्या तशी कागदावर येणं वाईट, पण लपवलेलं उघड होणं त्याहून वाईट. त्यामुळे ब्राउझर करतात ते बरोबर आहे, असं माझं मत.

आता तीन जागा, जिथे लोक हमखास अडकतात.

पहिली: '@मीडिया प्रिंट' च्या कंसात टाकल्याने नियमाला जास्त वजन येत नाही. सिलेक्टरची (नियम कोणत्या घटकाला लागतो ते सांगणाऱ्या भागाची) स्पेसिफिसिटी, म्हणजे दोन नियम भिडल्यावर मोजलं जाणारं वजन, तेवढीच राहते. फाइलच्या सुरुवातीला प्रिंटचे नियम लिहिले आणि खाली त्याच सिलेक्टरचा साधा नियम आला, तर खालचा जिंकतो, छपाईतसुद्धा. प्रिंटचा भाग नेहमी सगळ्यात शेवटी. स्क्रिप्टने एखाद्या घटकाला थेट स्टाइल अ‍ॅट्रिब्यूट लावला असेल, तर तो मोडायला 'इम्पॉर्टंट' लागतोच, तिथे संकोच करू नका.

दुसरी: पान लवकर दिसावं म्हणून काही जण मुख्य स्टाइलशीट 'मीडिया=प्रिंट' अशी जोडतात आणि ऑनलोडमध्ये स्क्रिप्टने तिचं 'ऑल' करतात. प्रिंटची फाइल ब्राउझर कमी प्राधान्याने उतरवतो आणि तिच्यासाठी पान अडवून ठेवत नाही, त्याचा हा फायदा घेतलेला असतो. स्क्रिप्ट चालली नाही तर ती स्टाइलशीट फक्त कागदावर लागते आणि स्क्रीन उघडीबोडकी राहते. तुमच्या थीममध्ये ही युक्ती असेल तर छपाईच्या नियमांची फाइल तिच्यापासून वेगळी ठेवा.

तिसरी: गडद थीम. ती ब्राउझरच्या 'प्रिफर्स-कलर-स्कीम' वर असेल तर क्रोम छपाईच्या वेळी फिकट रूप धरतो. पण साइटने बटण देऊन बॉडीला 'डार्क' क्लास लावला असेल, तर ब्राउझरला त्यातलं काही कळत नाही. रंग व्हेरिएबलमध्ये असतील तर काम सोपं आहे: प्रिंटच्या भागात रूटवर सगळी व्हेरिएबल पुन्हा द्या, अक्षर काळं, पार्श्वभूमी पांढरी, रेषा करडी. एकेका घटकाच्या मागे लागावं लागत नाही. डार्क क्लासवरही तीच व्हेरिएबल असतील तर तो सिलेक्टरही तिथे लिहा, नाहीतर बॉडीवरची किंमत रूटवरच्या किमतीवर मात करेल.

---

पानकोंबडी

क्रमांक १ आणि २ चं मूळ एकच आहे: कागद ही ब्राउझरच्या लेखी ठरावीक रुंदी-उंचीची एक खिडकी असते, आणि ती तुमच्या स्क्रीनपेक्षा अरुंद असते.

हिशेब करा. सीएसएसमध्ये १ इंच म्हणजे ९६ पीएक्स (पिक्सेल), प्रिंटर कितीही डीपीआयचा असो. ए४ ची रुंदी २१० मिमी, म्हणजे ७९४ पीएक्स. क्रोम डीफॉल्ट मार्जिन साधारण १ सेंटीमीटर धरतो. दोन्ही बाजूंचा वजा केला की १९० मिमी, म्हणजे ७१८ पीएक्स उरतात. तुमचा मोबाइलचा ब्रेकपॉइंट (ज्या रुंदीला मांडणी बदलते ती) ७६८ वर असणार, बहुतेक फ्रेमवर्कमध्ये तिथेच असतो. ७१८ म्हणजे मोबाइल, झाली कार्डं. आडव्या कागदावर २७७ मिमी, म्हणजे १०४७ पीएक्स मिळतात, म्हणून तिथे टेबल दिसलं.

उपाय असा की अरुंद स्क्रीनचे नियम खरोखर स्क्रीनपुरते करा. 'मॅक्स-विड्थ: ७६७पीएक्स' एवढंच लिहिलंय तिथे 'स्क्रीन अँड मॅक्स-विड्थ: ७६७पीएक्स' करा. प्रिंटच्या भागात बसून कार्डांचं पुन्हा टेबल करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. मात्र तुमच्याकडे मोबाइलचे नियम मूळ आणि मोठ्या स्क्रीनचे वरून लावलेले असतील, तर उलट करावं लागेल: मोठ्या स्क्रीनच्या क्वेरीत स्वल्पविराम देऊन 'प्रिंट' जोडा. 'मिन-विड्थ: ७६८पीएक्स' नंतर स्वल्पविराम, मग 'प्रिंट'. क्वेरीतला स्वल्पविराम म्हणजे 'किंवा'.

एकच पान निघतं त्याचं कारण स्क्रोलची चौकट. टेबलाभोवती 'ओव्हरफ्लो: ऑटो' आणि 'मॅक्स-हाइट: ७०व्हीएच' (खिडकीच्या उंचीच्या ७० टक्के) असं काहीतरी असणार. कागदावर स्क्रोल करता येत नाही, त्यामुळे चौकटीत मावलं तेवढं छापून ब्राउझर मोकळा होतो. शिवाय स्क्रोल होणारी चौकट हा न तुटणारा एकसंध ठोकळा मानायची ब्राउझरला मुभा आहे. म्हणून नुसती त्या डिव्हची नाही, टेबलापासून एचटीएमएलपर्यंत वरच्या सगळ्या आवरणांची साखळी तपासा. प्रत्येकाला प्रिंटमध्ये 'हाइट: ऑटो', 'मॅक्स-हाइट: नन', 'ओव्हरफ्लो: व्हिजिबल', 'पोझिशन: स्टॅटिक', आणि फ्लेक्स किंवा ग्रिड असेल तर 'डिस्प्ले: ब्लॉक'. क्रोम १०८ पासून फ्लेक्स आणि ग्रिड पानांत बऱ्यापैकी तुटतात, पण बाहेरच्या सांगाड्याला कागदावर फ्लेक्सची गरजच काय?

वर चिकटलेली मेनूपट्टी 'पोझिशन: फिक्स्ड' असेल तर ती दर पानावर छापली जाते आणि वरच्या दोन-तीन नोंदी झाकते. हे मुद्दाम 'दर पानावर हेडर' म्हणून वापरायचा सल्लाही कुठे कुठे वाचायला मिळतो. नका करू. तिच्यासाठी पानात जागा राखली जात नाही, मजकूर खालून जातो.

आणि शेवटी एक कोरं पान निघत असेल तर बॉडीवर 'मिन-हाइट: १००व्हीएच' आहे का बघा. ते नसेल तर शेवटच्या घटकावर 'ब्रेक-आफ्टर: पेज' राहिलं असेल.

---

हाशिया

टेबलाचं मी सांगतो.

मथळा दर पानावर यायला तीन गोष्टी लागतात. खरं टेबल हवं, डिव्हांचं नको. मथळा टीहेडमध्ये (टेबलाच्या मथळ्याच्या टॅगमध्ये) हवा. आणि त्या टीहेडचा डिस्प्ले 'टेबल-हेडर-ग्रुप' च राहिला पाहिजे. शेवटच्यात तुमची गफलत असणार: मथळा जागेवर ठेवून खालच्या नोंदी स्क्रोल करायच्या जुन्या पद्धतीत टीहेड आणि टीबॉडीला 'डिस्प्ले: ब्लॉक' देतात. ब्लॉक झाला की तो मथळा राहत नाही, साधी पेटी होते. प्रिंटमध्ये टीहेड, टीबॉडी (नोंदींचा भाग), टीआर (ओळ), टीडी (ओळीतलं घर), चौघांचेही मूळ डिस्प्ले परत द्या.

आणखी एक अट लोकांच्या लक्षात येत नाही. मथळा फार उंच असेल तर तो पुन्हा छापला जात नाही. नियम पानाच्या उंचीच्या एक चतुर्थांशाचा आहे. टीहेडमध्येच संस्थेचं बोधचिन्ह, पत्ता, सभासदाचं नाव असा सगळा संसार कोंबला की ही मर्यादा ओलांडली जाते. स्तंभांची नावं तेवढी टीहेडमध्ये ठेवा, बाकीचं टेबलाच्या वर.

नोंद मधूनच तुटू नये म्हणून टीआरला 'ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड', आणि जुन्या ब्राउझरसाठी त्याच्या वरच्या ओळीत 'पेज-ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड'. हे संपूर्ण टेबलाला लावू नका. टेबल पानापेक्षा मोठं असलं की ते तुटणारच, पण त्याआधी ब्राउझर ते अख्खं पुढच्या पानावर ढकलून पाहतो आणि पहिल्या पानाचा तळ रिकामा राहतो. 'मध्येच अर्धं पान कोरं का?' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

सही-शिक्क्याची जागा टेबलाबाहेर वेगळी डिव्ह करून तिला 'ब्रेक-बिफोर: अव्हॉइड' देता येतं, पण क्रोममध्ये छपाईत हा 'अव्हॉइड' १०८ पासूनच पाळला जातो. त्यापेक्षा टेबलाची शेवटची ओळच अशी करा की एकाच टीआरमध्ये, सगळे स्तंभ व्यापणाऱ्या एका टीडीत, अखेरची शिल्लक आणि तिच्याखाली सहीची जागा. ओळ तुटत नाही म्हटल्यावर दोन्ही एकत्रच जातील.

मापं: अक्षर १० पॉइंट, लाइन-हाइट १.४, टीडीला वरखाली ३-३ पॉइंट पॅडिंग. ओळ २० पॉइंटची होते, म्हणजे जेमतेम ७ मिमी. ए४ वर वर १५ आणि खाली २० मिमी समास सोडला तर २६२ मिमी उरतात. मथळा धरून पानाला ३५-३६ नोंदी, तपशील एका ओळीत मावला तर. मराठीत लाइन-हाइट १.४ च्या खाली नेऊ नका. वरची वेलांटी-रफार आणि खालचे उकार एकमेकांत शिरतात, आणि टीडीला 'ओव्हरफ्लो: हिडन' असेल तर कापलेही जातात. इंग्रजी थीममधून आलेलं 'लेटर-स्पेसिंग' मथळ्यांवर असेल तर शून्य करा, शिरोरेषेचे तुकडे पडतात. स्क्रीनवर दुर्लक्ष होतं, लेझर प्रिंटवर लगेच डोळ्यात भरतं. आणि एचटीएमएल टॅगवर 'लँग=एमआर' द्याच. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे.

रकमेचे स्तंभ उजवीकडे, 'फॉन्ट-व्हेरिअंट-न्यूमरिक: टॅब्युलर-नम्स', आणि 'व्हाइट-स्पेस: नोरॅप'. रक्कम दोन ओळींत तुटलेला उतारा कुणी बँकेत धरणार नाही.

---

उभीआडवी

क्रमांक ३ बद्दल कुणी बोललं नाही आणि तिथेच खरा वाद आहे.

पार्श्वभूमीचे रंग न छापणं हा ब्राउझरचा दोष नाही, डीफॉल्ट निर्णय आहे. शाईचे पैसे छापणाऱ्याचे. क्रोमच्या डायलॉगमध्ये 'बॅकग्राउंड ग्राफिक्स' आणि फायरफॉक्समध्ये 'प्रिंट बॅकग्राउंड्स' ही खूण मुळात बंद असते. पार्श्वभूमी गेली की पांढरं अक्षर पांढऱ्या कागदावर दिसणार नाही, म्हणून ब्राउझर फिकट अक्षर आपणहून गडद करतो. तुमची करडी अक्षरं तिथून आली.

यावर साइटच्या हातात 'प्रिंट-कलर-अ‍ॅडजस्ट: एक्झॅक्ट' आहे. मूळ किंमत 'इकॉनॉमी'. क्रोममध्ये बिनउपसर्गाचं नाव १३६ पासून चालतं, त्याआधी 'वेबकिट-' लावलेलं, म्हणून दोन्ही ओळी लिहा. आणि इथे माझा आक्षेप आहे: 'एक्झॅक्ट' लिहिलं की क्रोम वापरणाऱ्याने बंद ठेवलेली खूणही डावलतो. साइटने मागणी करावी, पण शेवटचा शब्द कागद विकत घेणाऱ्याचा असावा. बॉडीवर सरसकट 'एक्झॅक्ट' लावून अख्खं पान निळंजांभळं छापायला लावणाऱ्या साइट काही कमी नाहीत.

तुम्हाला त्याची गरजही नाही. मथळ्याला पट्टीऐवजी ठळक अक्षर आणि खाली १ पॉइंटची काळी रेषा. एकाआड एक राखाडी ओळींऐवजी दर नोंदीखाली अर्ध्या पॉइंटची करडी रेषा. बॉर्डर ही पार्श्वभूमीत मोजली जात नाही, ती छापली जातेच. जमा हिरव्यात आणि नावे तांबड्यात दाखवत असाल तर काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर दोन्ही सारखेच करडे. दोन वेगळे स्तंभ हवेत. बोधचिन्ह 'बॅकग्राउंड-इमेज' ने लावलं असेल तर तेही जाईल, इमेज टॅगने लावा.

---

खिळेजुळारी

@उभीआडवी, बाकी मान्य, पण 'एक्झॅक्ट' च्या बाबतीत सरसकट नको. नकाशा, आलेख, रक्तगटाचं कार्ड, बारकोडची पार्श्वभूमी, जिथे रंग हाच मजकूर आहे तिथे तो हवाच, आणि तिथे सामान्य माणसाला डायलॉगमधली ती खूण शोधायला लावणं अन्यायाचं. त्या एका घटकावर लावा, बॉडीवर नाही.

छापणाऱ्याच्या हातात काय उरलंय म्हणाल तर फारसं नाही. वापरणाऱ्याची स्वतःची स्टाइलशीट ही सीएसएसची मूळची कल्पना. क्रोमने तिची फाइल २०१४ मध्ये काढून टाकली. फायरफॉक्समध्ये 'युझरकंटेंट' ची फाइल अजून चालते, पण आवृत्ती ६९ पासून ती सेटिंगमध्ये मुद्दाम चालू करावी लागते. त्यातल्या 'इम्पॉर्टंट' नियमासमोर साइटचा 'इम्पॉर्टंट' हरतो, म्हणजे कायदा आजही वाचकाच्या बाजूने आहे, फक्त दार सापडत नाही. सामान्य वाचकाला फायरफॉक्सच्या छपाई डायलॉगमधलं 'सिम्प्लिफाइड' उपयोगी पडतं. पण ते लेखांसाठी, टेबलाच्या उताऱ्याला त्याचा भरवसा नाही.

---

जमाखर्च

सगळ्यांचे आभार. १ ते ५ मार्गी लागले. ब्रेकपॉइंटपुढे 'स्क्रीन' लिहिल्यावर कार्डं गेली, टीहेडचा डिस्प्ले परत दिल्यावर मथळाही दर पानावर आला. आता नवे तीन प्रश्न:

टीफूटमध्ये 'एकूण जमा / एकूण नावे' आहे, ते आता प्रत्येक पानाच्या तळाला छापलं जातंय. वाचणाऱ्याला ती त्या पानाची बेरीज वाटते.

पान क्रमांकासाठी '@पेज' मध्ये '@बॉटम-सेंटर' लिहिलं. एका संगणकावर आलं, कार्यालयातल्या विंडोज ७ च्या संगणकावर आलं नाही.

काही सभासद अमेरिकेत असतात, त्यांच्याकडे शेवटच्या दोन ओळी कापल्या जातात.

---

हाशिया

टीफूटचं वागणं बरोबरच आहे, तो टीहेडसारखाच दर पानावर येण्यासाठी असतो. हिशेबाच्या कागदावर मात्र ते घातक. प्रिंटमध्ये टीफूटला 'डिस्प्ले: टेबल-रो-ग्रुप' द्या, म्हणजे तो टेबलाच्या शेवटी एकदाच येईल. एचटीएमएलमध्ये टीफूट टीबॉडीच्या आधी लिहिलेला असेल तर मात्र वर येऊन बसेल, तो खाली हलवा. किंवा ती बेरीज सरळ टीबॉडीची शेवटची ओळ करा, आधी सांगितलेल्या सहीच्या ओळीच्या वर.

दर पानाची खरी बेरीज, 'मागील पानावरून' आणि 'पुढील पानावर' अशी हवी असेल तर ती सीएसएसने होणार नाही. पान कुठे तुटलं हे ब्राउझर स्क्रिप्टला सांगत नाही. मग सर्व्हरवरच तीस-तीस नोंदींचे तुकडे करून प्रत्येकाचं वेगळं टेबल काढा, शेवटचं सोडून प्रत्येकाला 'ब्रेक-आफ्टर: पेज'. तीसच म्हणतोय, पस्तीस नाही, कारण तपशील दोन ओळींचा झाला की जागा लागते.

---

पानकोंबडी

विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. समासातल्या चौकटी, म्हणजे '@बॉटम-सेंटर' वगैरे, क्रोममध्ये १३१ पासून आल्या. फायरफॉक्समध्ये त्या नाहीतच. विंडोज ७ वर फायरफॉक्सची ११५ ईएसआर (दीर्घकाळ सांभाळली जाणारी) मालिका चालते, पण या कामाला तिचाही उपयोग नाही.

नव्या क्रोमसाठी लिहिलंय ते राहू द्या: 'कंटेंट' मध्ये 'पान', मग 'काउंटर(पेज, देवनागरी)', तिरकी रेघ, 'काउंटर(पेजेस, देवनागरी)'. दुसरा शब्द दिला नाही तर आकडे इंग्रजी येतात. जे ब्राउझर समासातल्या चौकटी ओळखत नाहीत ते हा भाग सोडून देतात, बाकी '@पेज' वर परिणाम होत नाही. तिथे डायलॉगमधलं 'हेडर्स अँड फूटर्स' चालू करून ब्राउझरचा स्वतःचा क्रमांक घ्यावा लागेल, सोबत तारीख आणि पत्ता येतो तो येतोच. '@पेज' ला 'मार्जिन: ०' दिलं असेल तर हेही दिसणार नाही, त्याला समासात जागाच उरत नाही. शून्य समास तसाही नको, बहुतेक प्रिंटर कडेचे काही मिलिमीटर छापूच शकत नाहीत.

प्रत्येक सभासदाला अगदी सारखाच कागद मिळायला हवा असेल, तर ब्राउझरच्या नादी न लागता सर्व्हरवर पीडीएफ करा. विझीप्रिंट पायथनमध्ये आहे, समासातल्या चौकटी आणि पान क्रमांक पूर्वीपासून करतो, पण जावास्क्रिप्ट चालवत नाही. स्क्रिप्टवर चालणारं पान असेल तर पपेटिअर (स्क्रिप्टने क्रोम चालवणारं साधन). त्यात 'प्रिंटबॅकग्राउंड' आणि 'प्रिफरसीएसएसपेजसाइझ' हे दोन्ही पर्याय मुळात बंद असतात, हवे तर चालू करा. डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ नव्या कामाला घेऊ नका. त्यातलं इंजिन फार जुनं आहे आणि प्रकल्प २०२३ पासून बंद करून ठेवलाय.

अमेरिकेचं: तिथे लेटर कागद, २१५.९ बाय २७९.४ मिमी. ए४ पेक्षा रुंद पण १७.६ मिमीने आखूड. तुम्ही 'साइझ: ए४' लिहिलंय, त्यामुळे ब्राउझरने पानं २९७ मिमीवर तोडली आणि प्रिंटरने तळ कापला, अडीच ओळींएवढा. नुसतं 'साइझ: पोर्ट्रेट' लिहा, कागद छापणाऱ्याच्या प्रिंटरवरून ठरेल. साइझ लिहिली की क्रोम डायलॉगमधून उभं-आडवं निवडायचा पर्यायही काढून घेतो, हे लक्षात ठेवा. नक्की माप फक्त ठरावीक कागदासाठी, जसं की डॉट मॅट्रिक्सचा सलग कागद. तिथे '१०इन १२इन' असं माप लिहून तेच माप प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्येही फॉर्म म्हणून नोंदवावं लागतं. एकच नोंदवलं तर दर पानाला ओळी थोड्या थोड्या सरकत जातात. डॉट मॅट्रिक्सवर अर्ध्या पॉइंटची रेषा तुटक येते, १ पॉइंट करा.

---

हाशिया

तपासताना एक करा. क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स, मोअर टूल्स, रेंडरिंग, तिथे 'एम्युलेट सीएसएस मीडिया टाइप' ला प्रिंट. फायरफॉक्समध्ये इन्स्पेक्टरच्या नियमांच्या पट्टीत कागदाचं चिन्ह आहे. यात नियम लागले की नाहीत ते कळतं, पण पानं कुठे तुटतात ते कळत नाही आणि रुंदीही खिडकीचीच राहते. म्हणजे तुमची कार्डांची भानगड तिथे दिसलीच नसती. खिडकी ७१८ पीएक्सवर आणून बघा, आणि पान तुटणं छपाईच्या प्रिव्ह्यूमध्येच बघा. चाचणीचे उतारे चार: एक नोंद, बरोब्बर एक पान भरेल एवढ्या, त्याहून एक जास्त, आणि तीनशे. सही दुसऱ्या पानावर एकटी पडते का ते दुसऱ्या-तिसऱ्यातच कळेल.

'छापा' बटणामागे स्क्रिप्टने 'विंडो.प्रिंट' बोलावत असाल तर त्याआधी 'डॉक्युमेंट.फॉन्ट्स.रेडी' ची वाट बघा, बोधचिन्हाच्या इमेजवर 'डिकोड' ची. नाहीतर पहिल्या छपाईत बोधचिन्ह नाही आणि दुसऱ्या छपाईत आहे, असं होतं. 'बिफोरप्रिंट' मध्ये सर्व्हरकडून उरलेल्या नोंदी मागवू नका, त्या येईपर्यंत ब्राउझर थांबत नाही. तीनशेच्या तीनशे नोंदी बटण दाबण्याआधी पानात असल्या पाहिजेत.

---

जमाखर्च

पोर्ट्रेट केलं, लेटरच्या प्रिव्ह्यूमध्ये शेवटच्या ओळी आल्या. टीफूटही शेवटी एकदाच येतोय. पान क्रमांकासाठी विझीप्रिंट लावून बघतो. त्यात फॉन्टची फाइल सर्व्हरवर बसवावी लागते की '@फॉन्ट-फेस' पुरतं?

---

पानकोंबडी

'@फॉन्ट-फेस' चालतं, पण पत्ता सर्व्हरला पोचता येईल असा हवा. सापेक्ष पत्ता असेल तर 'बेस_यूआरएल' द्या, नाहीतर फॉन्ट गुपचूप सुटतो आणि सर्व्हरवर दुसरा देवनागरी फॉन्ट नसेल तर नुसत्या चौकटी छापल्या जातात. फॉन्ट सर्व्हरवर बसवलात तर बसवल्यावर 'एफसी-लिस्ट' (बसवलेल्या फॉन्टची यादी देणारी आज्ञा) मध्ये तो दिसतो का बघून घ्या, आणि 'क्ष', 'र्‍य', 'ट्ट्य' असलेली दोन-तीन नावं छापून जोडाक्षरं तपासा.